फेल्ड झिरो म्हणे!

"एक कमांड मारा, पाच मिनिटांत मॉनिटरिंग उभं!" असं व्हिडिओत सांगणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यात सोलापुरात आणा आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात बसवा. बाहेर ४३ डिग्री, सर्व्हर रूमच्या एसीचा भरवसा नाही. मालकांचं मागणं साधं आहे: खोलीचं तापमान, यूपीएसची बॅटरी आणि डिस्क किती भरली हे एका स्क्रीनवर दिसावं. म्हणून आलेख दाखवणारं ग्राफाना, त्यामागे आकडे गोळा करणारं प्रोमिथियस, आणि सगळं अँसिबलने, म्हणजे लिहून दिलेल्या यादीप्रमाणे सर्व्हर उभा करणाऱ्या साधनाने बसवायचं. उद्या मशीन जळालं तर दुसऱ्यावर तेच जसंच्या तसं उभं राहावं. यात चुकीचं काहीच नाही, मी स्वतः यासाठी भांडलोय.

पण अँसिबलचं ते हिरवं 'ओके' बघितलं की आता तिडीक जाते!

प्लेबुक, म्हणजे अँसिबलची ती कामांची यादी, संपतं, खाली दिमाखात 'फेल्ड झिरो', म्हणे एकही काम फसलं नाही. ब्राउझरमध्ये ३००० पोर्ट उघडावा तर ग्राफाना जुन्याच सेटिंगवर. डिस्कवरची फाइल नवी, चालू असलेली सर्व्हिस जुनी. कारण काय, तर आधीच्या फेरीत ग्राफानाची सेटिंगची आयएनआय फाइल बदलली आणि हँडलरला, म्हणजे बदल झाला तरच चालणाऱ्या टास्कला, 'रीस्टार्ट कर' असा निरोप गेला. हँडलर मात्र चालतात शेवटी. मध्ये नेट गेलं, पुढचं पॅकेज उतरलं नाही, प्ले तिथेच फेल, आणि तो निरोप गेला वाऱ्यावर. पुन्हा चालवलं की फाइल आधीच बरोबर असते. म्हणून 'चेंज्ड' नाही, म्हणून निरोप नाही, म्हणून रीस्टार्ट नाही. आणि वर सगळं ओके! प्ले फेल झाला तरी हँडलर चालवणारा 'फोर्स हँडलर्स' नावाचा पर्याय आहे, पण तो मुळात बंद. अहो, ज्याच्यावाचून सर्व्हर अर्धवट राहतो ती गोष्ट बंद का ठेवायची?

डॅशबोर्डची, म्हणजे त्या आलेखांच्या स्क्रीनची तऱ्हा आणखी वेगळी. आलेखाच्या खालच्या नावांसाठी ग्राफाना दुहेरी महिरपी कंसात 'इन्स्टन्स' लिहितं. फाइलमध्ये व्हेरिएबलच्या जागी खरी किंमत भरणारं अँसिबलचं जिंजाही तेच कंस वापरतं. जिंजा चालवणाऱ्या टेम्प्लेट मॉड्यूलने डॅशबोर्डची जेसन फाइल पाठवली की ओरडतं, 'इन्स्टन्स' अनडिफाइंड आहे म्हणून. तो व्हेरिएबल तुझा नाहीच रे बाबा, हात लावू नकोस! मग फाइल जशीच्या तशी पाठवणारं कॉपी मॉड्यूल वापरा, नाहीतर जिंजाला 'हे सोड' सांगणारा रॉ टॅग घाला. निदान इथे एरर तरी येते. बाहेर शेअर करायचा म्हणून एक्स्पोर्ट केलेला डॅशबोर्ड ग्राफाना आपणहून वाचतं त्या प्रोव्हिजनिंगच्या फोल्डरमध्ये टाका, अँसिबलला काही पत्ताच लागत नाही. हाताने इम्पोर्ट केला तर डेटा सोर्स कोणता, म्हणजे आकडे कुठून घ्यायचे, ते ग्राफाना विचारतं. इथे विचारणार कोण? त्या जागी 'डीएस प्रोमिथियस' असं नुसतं नाव राहतं आणि सगळे पॅनेल रिकामे. डेटा सोर्सचा यूआयडी, म्हणजे त्याची ओळखखूण, यॅमल सेटिंग फाइलमध्ये ठरवून द्या आणि प्रत्येक जेसनमध्ये तोच घाला, तेव्हा कुठे रेघ दिसते.

आणि माणसं! एक कंत्राटी गडी परस्पर सर्व्हरवर शिरतो, नॅनो एडिटरने फाइल बदलतो, कुणाला सांगत नाही, कुठे लिहीत नाही. पुढच्या फेरीत प्लेबुक ते पुसून टाकतं, पुसणारच, त्याचं कामच ते आहे. मग सकाळी सकाळी फोन मला: "काल चालत होतं की ओ, तुम्ही काय केलात?" यानेच एकदा ॲडमिनचा पासवर्ड आयएनआयमध्ये बदलून सगळ्यांना नवीन पासवर्ड वाटला. तिथला पासवर्ड फक्त पहिल्यांदा सुरू होताना लागू होतो, नंतर तो डेटाबेसमध्ये असतो. कुणालाच लॉगिन होईना, शिव्या परत मला.

आता कॉन्फिग टाकली की लगेच हँडलर फ्लश करतो, म्हणजे तिथल्या तिथे चालवतो, शेवटपर्यंत थांबतच नाही. त्यानंतर ग्राफानाच्या हेल्थच्या पत्त्याला विचारणारं टास्क घातलंय. पण तेही डेटाबेस ठीक आहे एवढंच सांगतं, पॅनेलमध्ये आकडा आला का ते नाही. म्हणून प्रोमिथियसला थेट क्वेरी मारायची, तापमानाचा आकडा आला नाही तर प्लेबुक फेल करायचं, हे टास्कही मीच लिहिलं. आकडा नाही तर हिरवं नाही, विषय संपला.

त्या गड्याला सूडो, म्हणजे सर्व्हरवर हवं ते बदलायचा अधिकार, परत हवाय म्हणे. अजिबात देणार नाही. बदल हवा असेल तर रेपोत, म्हणजे प्लेबुक ठेवलंय तिथे, टाक, मी बघतो, मग चालवतो.