माल म्हणजे आम्ही

आमची व्हॅन ज्या कंपनीने बनवली तिच्याकडून परवा एक फॉर्म आला. 'भविष्यातील मोठ्या व्हॅनमध्ये आपल्याला कोणत्या सुविधा हव्या आहेत?' खाली उत्तरासाठी एक चौकोन, आणि चौकोनाखाली बारीक टाइपात : कमाल २५० अक्षरे.

ही हसायलाच लागली. म्हणाली, "पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला विचारायचं, नवऱ्याबद्दल काही सूचना? आणि लिहायला हातात बसचं तिकीट द्यायचं!" मी दुर्लक्ष केलं, कारण मुद्दा बरोबर होता.

आम्ही घेतली ती मूळची मालवाहू व्हॅन. पुढे दोन सीट, मागे पत्र्याचा रिकामा डबा. तयार कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय करूनच विकलेली व्हॅन, घेण्यापेक्षा असा डबा घेऊन आत आपल्या हाताने घर उभारलं की स्वस्त पडतं, असा एक समज आहे. हा समज पसरवणाऱ्यांनी हिशेबात स्वतःची कंबर धरलेली नसते. पण कंबर पुढची गोष्ट. खरी अडचण अशी की ही गाडी ज्यांनी आखली त्यांच्या मनात मागे खोकी होती. खोकं श्वास घेत नाही, कूस बदलत नाही, रात्री दोनदा उठत नाही आणि सकाळी कॉफी मागत नाही. व्हॅनचा एकेक अवयव या खोक्याला समोर ठेवून घडवलेला आहे.

बरं, कंपन्यांना माणसं मागे झोपतात हे ठाऊक नाही म्हणावं, तर तसंही नाही. फोक्सवॅगनची ती गोल चेहऱ्याची टाइप २ बस १९५० साली कारखान्यातून बाहेर पडली, आणि वेस्टफालिया या जर्मन कंपनीने लवकरच तिच्यात झोपायची-बसायची सोय करून द्यायला सुरुवात केली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ लोक मालाच्या जागेत घोरत आहेत. तरी दर नवी व्हॅन आम्हाला आत पाहून दचकते.

दचकते म्हणजे अक्षरशः. व्हॅनमधली आमची पहिली रात्र सांगतो.

आत पडलो, रिमोटने दारं लॉक केली, दिवे मालवले. बाहेर पाच-सहा व्हॅन ओळीने उभ्या होत्या आणि अशी शांतता की शेजारच्या डिझेल हीटरच्या पंपाची टिकटिक ऐकू यावी. अडीचच्या सुमारास मी कूस बदलली. बाकी काही केलं नाही. पण या गाडीत आतली हालचाल टिपणारा सेन्सर आहे आणि कुलूपबंद गाडीत काही हललं म्हणजे चोरच, अशी त्याची पक्की धारणा आहे. हॉर्न, चारही इंडिकेटर, आतले दिवे, सगळं एकदम सुरू झालं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून होतो. इथे व्हॅन मालकाच्या नावाने बोंबलत होती. किल्ली कुठे? मी उशाशी ठेवली होती. कूस बदलताना ती पलंग आणि भिंत यांच्या फटीतून खाली गेली होती, पाण्याच्या टाकीमागे, जिथे फक्त मांजराचा पंजा पोचेल. ही अंधारात म्हणाली, "अहो, हलू नका, म्हणजे बंद होईल." मी पुतळा झालो. बंद झालं. मग मला शिंक आली.

शेवटी आमचे चिरंजीव वरच्या फळीवरून लोंबकळत आले आणि स्वयंपाकाच्या चिमट्याने त्यांनी किल्ली वर काढली. समोरच्या व्हॅनचा पडदा हळूच सरकला आणि आणखी हळूच मिटला.

दुसऱ्या दिवशी कळलं की तो सेन्सर बंद करायचं बटण आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर, दिव्यांच्या पट्टीत, गाडी आणि टपली मारणारा हात यांचं मिळून एक चित्र. ते रोज रात्री, इंजिन बंद केल्यावर आणि लॉक करण्याआधी दाबायचं. एका दाबण्याची मुदत एक रात्र. म्हणजे गाडीला रोज नव्याने सांगायचं की बाई, मागे मीच आहे, कालचाच. माझी पहिली मागणी एवढीच : तिने लक्षात ठेवावं.

दुसरी मागणी सरकत्या दाराची. हे दार हळू लावता येत नाही. हळू लावलं तर ते अर्ध्यावर अडतं आणि डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण पेटते. लावायचं तर पाय रोवून, घर्रर्र करत आणून, धाड! मालाला याचं काही वाटत नाही. पण पहाटे चार वाजता तळावरच्या प्रत्येकाला कळतं की कोण उठलंय, आणि दुसऱ्या धाडपर्यंतचा वेळ मोजून कशासाठी उठलंय तेही. अलगद ओढून घेणारी दारं महागड्या मोटारींत केव्हाच आली. तिथे लोक झोपत नाहीत हा त्यातला विनोद.

झोपेचंच चाललंय तर लांबीचंही बोलून घेऊ. माझी उंची एक मीटर ऐंशी. व्हॅनमध्ये आडवा पलंग टाकला तर बरीच जागा वाचते, म्हणून सगळ्यांचा डोळा आडव्या पलंगावर. १९८१ साली आलेल्या फियाटच्या डुकाटोच्या आजच्या पिढीचं युरोपातल्या कॅम्परवाल्यांत एवढं प्रस्थ का, तर तिच्या भिंती सरळ आहेत आणि सर्वांत रुंद ठिकाणी आत साधारण १.८७ मीटर मिळतं. आमच्या व्हॅनमध्ये १.७८. त्यात थंडीसाठी दोन्ही बाजूंना इन्सुलेशन, त्यावर प्लायचं अस्तर, की उरतं १.७२. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी चार वर्षं अंथरूण पाहून पाय दुमडतो आहे. यावर उपाय म्हणजे भिंत कापून बाहेरून फायबरचा फुगवटा बसवायचा, ज्यात टाचा राहतात. लोक बसवतात. मी कंपनीला एवढंच म्हणतो, तुमच्याकडे पत्रा दाबायचं भलंमोठं यंत्र आहे, माझ्याकडे जिगसॉ, म्हणजे हातात धरायची विजेची करवत, आहे. टाचेएवढा फुगवटा तुम्हीच काढून द्या ना.

जिगसॉचं नाव निघालं की माझ्या तळहाताला अजून घाम येतो. व्हॅनच्या छतावर पंखा लागतो. रात्रभर तीन माणसांचा श्वास, वर गॅसची शेगडी. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, आणि ती वाफ गार पत्र्याला लागून सकाळी थेंबाथेंबाने आपल्या मानेवर परत येते. तर पंखा हवाच. त्याला लागणारं भोक ठरलेलं आहे : चौदा इंच बाय चौदा इंच. पंखेवाल्यांनी हे माप केव्हाच आपसात एक करून टाकलंय. फक्त व्हॅन बनवणाऱ्यांच्या कानावर ते अजून गेलेलं दिसत नाही.

तेव्हा नव्याकोऱ्या, हप्ते चालू असलेल्या गाडीच्या छतावर मी गुडघे टेकून बसलो. रंगाला चरे पडू नयेत म्हणून चौकोनाभोवती चिकटपट्टी. माप पाचदा घेतलं. पाचदा वेगळं आलं, कारण छताला उंचवटे आहेत आणि मला भीती आहे. चारही कोपऱ्यांत ड्रिल मारलं. पहिल्या भोकातून आतला उजेड वर आला तेव्हा आपण काहीतरी जिवंत टोचलं असं वाटलं. आत ही व्हॅक्यूम क्लीनर धरून उभी, कारण पत्र्याचा बारीक कीस कुठे राहिला तर तिथून गंज धरतो. तिसरी बाजू कापताना पातं अडकलं, छत थरथरलं, आणि आतून आवाज आला, "अहो, हप्ते किती राहिलेत?" चौकोन खाली पडला तो तिच्या खांद्याला चाटून. तो पत्र्याचा तुकडा आम्ही ठेवलाय. चिरंजीव त्याचा ट्रे करतात.

मी पंखा नाही मागत. छतावर एक सपाट चौकोन सोडा आणि त्याच्या कडेने नुसती रेघ उमटवा. एवढं झालं तरी माणूस कंपनीला दुवा देत कापील.

बाकीच्या मागण्या भराभर सांगतो. डिझेलचं झाकण उघडायला ड्रायव्हरचं दार उघडावं लागू नये. मुक्कामाला मागे तोंड करणारी पुढची फिरती सीट हँडब्रेकला न अडखळता फिरावी. रात्री दोन वाजता गाडी जरा पुढे घ्यावी लागली तर समोरच्याच्या पडद्यावर हेडलाइट आपोआप पडू नयेत. आणि सरकतं दार उघडं ठेवून निवांत बसलं की तासभर पिंग-पिंग करत 'दार उघडं आहे' असं सांगू नये. मीच उघडलंय.

वजनाचं मात्र तसं उरकता येत नाही. युरोपात साध्या मोटारीच्या लायसन्सवर सहसा साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, भरलेली, माणसांसकट. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. पलंग, फ्रिज, प्लाय, बॅटऱ्या, सगळं त्यातच. आम्ही वजनकाट्यावर गेलो तेव्हा काट्याने ३४७० दाखवलं. मी खूश. मग लक्षात आलं की ही आणि चिरंजीव बाहेर उभे राहून माझा फोटो काढत होते.

अशा गाडीत जमीन सपाट लागेल ही आशा नको. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्याने व्हॅनमध्ये एक रात्र काढावी. आमचं अंगण खरोखरच वाकडं असतं. उतार डोक्याकडे असला तर रक्त डोक्यात, मागे असला तर पहाटेपर्यंत सगळं कुटुंब मागच्या दाराशी गोळा. सिंकमधलं पाणी एका कोपऱ्यात बसून राहतं. चाकांखाली प्लास्टिकच्या पाचरी सरकवायच्या, गाडी त्यांवर चढवायची, ही बाहेरून हात करणार, "थोडी पुढे... थोडी... गेली!" बटण दाबलं की गाडीने आपली आपण समतल व्हावं, एवढं हवंय. पण त्या यंत्रणेचंही वजन असतंच.

विजेचा हिशेब चिरंजीवांकडे आहे. आमची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, शंभर अँपियर-तास, म्हणजे १.२८ युनिट वीज. पंधराशे वॅटची किटली लावली की ती सव्वाशे अँपियर तरी ओढते आणि दिवे मान टाकतात. शिवाय शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही, बिघडते. म्हणून थंडीत आम्ही बॅटरीला पांघरूण घालतो आणि स्वतः कुडकुडतो. "बाबा, फोर्डची ई-ट्रान्झिट आली तेव्हा तिच्यात ६८ युनिटं वापरता येत होती. म्हणजे आपल्यासारख्या त्रेपन्न बॅटऱ्या. आणि मागे सरळ प्लग लावायची सोय." मी म्हटलं, छान, पण कॉफी, हीटर, फ्रिज करून उरलेल्या विजेत घरी पोचायचं आहे. तो म्हणाला, "मग घरी कशाला जायचं?" त्याचं वय तसलं आहे.

हे सगळं मी आमच्या प्लंबर मित्राला वाचून दाखवलं. त्यांचीही तीच व्हॅन, त्याच रंगाची. ते गंभीर झाले. "खिडक्या? खिडक्या मुळीच नकोत हो. हत्यारं दिसली की काच फुटते." पुढच्या सीट आणि मागचा डबा यांच्यामधली, आम्ही कापून काढलेली आडवी भिंत त्यांना आणखी जाड हवी आहे, करकचून ब्रेक मारला तर मागचे पाइप मानेत येऊ नयेत म्हणून. चाकांच्या कमानींमध्ये १.२२ मीटर रुंदीचं प्लाय सपाट बसलं पाहिजे, बाकी सजावट गेली खड्ड्यात. आणि तो आतला दिवा! डोकं खोक्यात घालून एल्बो शोधत असतात तेव्हा दहा मिनिटांनी आपोआप विझतो. मी म्हटलं, आमचा विझतच नाही, आम्ही त्याला मोजा घालतो. दोघांनी मिळून पाहिलं. दिवा तोच, बटण तेच. त्यांना ते सापडलं नव्हतं, आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

रात्री फॉर्म भरायला बसलो. सतरा मागण्या लिहिल्या, अक्षरं दोन हजारांवर गेली. मग चिरंजीवांनी प्रत्येक मागणीपुढे तिचं अंदाजे वजन मांडलं आणि बेरीज केली. माझी आदर्श व्हॅन रस्त्यावर आणायची तर कायद्याने मला घरी राहावं लागत होतं.

हिने फोन काढून घेतला, सगळं पुसलं आणि लिहिलं : 'मागे माणसं झोपतात.' पाठवा दाबलं. फॉर्म जाईना. लाल रंगात आलं : 'आपण कोणत्या प्रकारचा माल वाहता? हा रकाना भरणे आवश्यक आहे.' खाली पर्याय होते. पार्सल, बांधकाम साहित्य, यंत्रसामग्री, नाशवंत.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'नाशवंत'वर बोट ठेवलं. फॉर्म लगेच गेला.