ए-फोरमध्ये न बसणारं विद्यापीठ

"जळगावला विद्यापीठ आहे?"

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पावणेसात वाजता, पुण्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, माझंच एम.एस्सी.चं पदवी प्रमाणपत्र हातात धरून मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणाऱ्या काकांचा अंगठा नेमका विद्यापीठाच्या मुद्रेवर होता. तो उचलला असता तरी उत्तर मिळालं असतं.

"आहे की. १९९० पासून आहे," मी म्हटलं.

"असेल, असेल," काका मोठ्या मनाने म्हणाले. जणू माझ्या शब्दाखातर त्यांनी जळगावला तेवढ्यापुरतं एक विद्यापीठ मंजूर केलं.

मी तिथे का गेले होते ते पटकन उरकते. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, सुट्ट्या आपापल्या. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि सगळ्या प्रमाणपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती नव्याने. गेल्या वर्षीच्या प्रती त्यांच्याच कपाटात असतात, पण मधल्या काळात माझी डिग्री उतरली असेल अशी त्यांना दर जूनमध्ये शंका येते. सोबत माझी भाची मुक्ता होती. ती जळगावहून नुकतीच बी.एस्सी. होऊन आली आहे आणि एम.एस्सी. कुठे करायची या प्रश्नाने आमच्या घरातली झोप उडवली आहे. पुणे, मुंबई, कोल्हापूर की आपलं जळगावच बरं? प्रत्येक ठिकाणचा फॉर्म वेगळा, लॉगिन वेगळं, फी वेगळी. दुकानाच्या पाटीवर 'सर्व विद्यापीठांचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असं लिहिलं होतं. सर्व विद्यापीठांचे! आणि मालकाला जळगावचं माहीत नाही.

काकांनी डिग्री दोन बोटांत धरली. लक्ष्मी रोडवर बायका साडीचा पोत बघतात तशी चोळली. मग कानाजवळ नेऊन टिचकी मारली.

"ऐका."

मी ऐकलं. मुक्तानेही ऐकलं. मागे स्पायरल बाइंडिंगसाठी थांबलेला एक इंजिनिअरिंगचा पोरगाही मान पुढे काढून ऐकायला लागला.

"तीस वर्षं डिग्र्या हाताळतोय, ताई. चांगल्या विद्यापीठाचा कागद कडक वाजतो. ही जरा मऊ वाजली."

"सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली तिला."

"आमच्या वडिलांची बी.ए. १९४६ची आहे. अजून पापडासारखी वाजते." काकांनी शेजारच्या स्टुलावर हात टेकला. रांगेतल्या लोकांनी निमूट आपापले मोबाइल काढले. हे भाषण त्यांनी आधी ऐकलेलं असावं. "इथेच शिकले. पुण्यात. पण डिग्री कुठली? मुंबईची!"

इथे मला संधी दिसली. "म्हणजे काका, तेव्हा पुण्यालासुद्धा विद्यापीठ नव्हतं."

माझं बरोबर होतं. पुणे विद्यापीठ झालं १९४९ साली. त्याच्या आधी पुण्यात जो कोणी पदवीधर झाला तो कागदोपत्री मुंबईचा. टिळक-आगरकर डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. ज्या विद्वत्तेवर हे शहर आजही व्याज खातंय, त्या मुद्दलावर शिक्का मुंबईचा होता. हे सगळं मी मनातल्या मनात फार सुंदर मांडलं आणि काकांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

काका क्षणभरही न थांबता म्हणाले, "विद्यापीठ नव्हतं. पण पुणं होतं ना."

याला उत्तर नाही. मी मंगळवारपासून शोधतेय.

आता हे मला इतकं का झोंबलं ते सांगायचं तर दादाला मध्ये आणावं लागेल. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो १९८९ला बी.एस्सी. झाला, मी १९९५ला. एकच कॉलेज, एकच प्रयोगशाळा, गळणारे ब्युरेटही बहुधा तेच, आणि ऑरगॅनिक शिकवणारे सरही तेच. सरांच्या नोट्सची वही मी दादाचीच वापरली, त्याच्या चहाच्या डागांसकट. पण तेव्हा जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९०ला आमचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं आणि मी त्याच्या पहिल्या काही तुकड्यांमध्ये सापडले. परिणाम असा, की जळगाव सोडून एक दिवसही पुण्यात न राहिलेला दादा पुणे विद्यापीठाचा पदवीधर, आणि पंचवीस वर्षं पुण्याचं पाणी भरणारी मी 'तिकडची'. दादाने ती डिग्री हॉलमध्ये फ्रेम करून लावली आहे. पाहुणे विचारतात, "अरे वा, पुण्याला होता का?" दादा नाही म्हणत नाही. नुसता हसतो. त्या हसण्यावर त्याचं लग्न जमलंय असं आई म्हणायची.

आणि हे आमच्यापुरतं थोडंच आहे? सोलापूरच्या भावंडांत २००४च्या आधीचा शिवाजी विद्यापीठाचा, नंतरचा सोलापूरचा. नांदेडला १९९४ची रेघ, अमरावतीला १९८३ची. त्याही पलीकडे गोव्यात १९८५च्या आधी पदवीधर झालेले मुंबईचे. म्हणजे ज्याला आपण विद्यापीठाचा लौकिक म्हणतो तो पुष्कळदा आईबापांनी तुम्हाला कधी जन्माला घातलं त्यावर ठरतो. स्थळं बघणाऱ्यांना मात्र हे सांगून उपयोग नाही.

बरं, नावाचं म्हणाल तर तिथेही मी मार खाल्ला. माझ्या डिग्रीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' आहे. २०१८मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं. याचा मला मनापासून आनंद आहे. जिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं त्या आमच्या आसोद्याच्या बाईचं नाव आज हजारो पोरांच्या डिग्रीवर आहे, याच्याइतकं गोड उट्टं कुणी काढलं नसेल. पण अर्जाच्या यादीत आता फक्त नवं नाव असतं आणि माझ्या कागदावर जुनं. "मॅडम, नाव जुळत नाही." दर वर्षी मी एका चोवीस वर्षांच्या ऑपरेटरला महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास सांगते. मुक्ताचा प्रश्न उलटा. 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव' एवढं तिला एका फॉर्मच्या चौकटीत बसवायचं होतं आणि चौकट 'चौधरी'लाच संपत होती. जळगावच्या पेपरांनी यावर 'कबचौउमवि' असा तोडगा काढलाय. तो उच्चारताना माणूस शिंकतोय असं वाटतं. आम्ही आपले 'उमवि' म्हणायचो, तोंडात पेढा असला तरी म्हणता यायचं.

(मराठवाडा विद्यापीठाच्या नावाबद्दल मात्र मी असं काही लिहिणार नाही. तिथे नामांतरासाठी माणसं मेली. १९७८च्या ठरावापासून १९९४पर्यंत वाट बघावी लागली. ते नाव कितीही लांब असो, चौकटच मोठी करायला हवी.)

तर दुकानात परत. मुक्ताने घोळ घातला. ती सरळ काकांनाच म्हणाली, "काका, मग तुम्हीच सांगा ना, कुठे घेऊ ॲडमिशन?"

काका या प्रश्नासाठी तीस वर्षं थांबले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मशीन बंद केलं. रांगेतून एक बाई "अहो, माझं आधार कार्ड..." म्हणाल्या, त्यांना हाताने थांबवलं.

"लोक विद्यापीठाचं नाव विचारतात, मी विचारतो, बसते का?"

"काय बसते का?"

"डिग्री! ए-फोरच्या पाउचमध्ये बसते का. जे विद्यापीठ ए-फोरमध्ये डिग्री देतं ते व्यवहारी. त्याला पोरांची काळजी आहे. जे ए-थ्रीची देतं ते फुशारकी मारणारं. ती डिग्री भिंतीवर शोभते, फायलीत दुमडते. आणि एक विद्यापीठ आहे, नाव घेत नाही, पोरं गिऱ्हाईकं आहेत आपली. त्यांची डिग्री ए-फोरपेक्षा दोन बोटं मोठी आणि लीगलपेक्षा एक बोट लहान. आता मला सांगा, ज्यांना कागदाचं माप कळत नाही ते पोरांचं माप काय घेणार?"

मागचा इंजिनिअरिंगचा पोरगा "खरंय" म्हणाला. त्याची डिग्री अजून यायची होती.

"आणि मुंबई?" मुक्ताने विचारलं.

"मुंबई १८५७ची. राजाबाई टॉवर बघितलास? ज्याने पैसे दिले त्या शेठने टॉवरला आईचं नाव दिलं. तिथे शिकायला हरकत नाही. पण राहायचं कुठे? टॉवरमध्ये?"

"कोल्हापूर?"

"एक नंबर. डोंगर, झाडं, मोर. जेवण असं की पोरगी परत यायची नाही. विचार करून पाठवा."

"आणि आपलं पुणं?"

काकांनी आवाज खाली आणला. "पुण्यात शिकायला त्रास नाही. विद्यापीठात पोचायला त्रास आहे."

हे मात्र खरं होतं. गणेशखिंडीतल्या त्या गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या बंगल्याचं, वडाच्या झाडांचं, जयकर ग्रंथालयाचं पुणेकरांना काही नसतं. विद्यापीठ म्हणजे त्यांच्या लेखी एक चौक, जिथे २०२०मध्ये होता तो उड्डाणपूल पाडला आणि मग त्यांचं तारुण्य सिग्नलला गेलं.

मुक्ता आजकालची मुलगी, तिने फोन काढून दाखवलं, की केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०२४ला राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांची वेगळी यादी केली होती आणि तीत पुणे देशात तिसरं आलं होतं. काकांनी फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "याची प्रिंट काढायची का? कलर वीस रुपये."

मला त्या यादीबद्दल राग नाही. पण मी पोरीला रस्त्यात जे सांगितलं ते काकांच्या कागदाच्या आवाजाइतकं कुणी ऐकत नाही. यादी विद्यापीठाची असते, तुला जायचंय रसायनशास्त्राच्या विभागात. तिथे जाऊन बघ, यंत्र चालू आहे की कापड घालून झाकलंय. सहा जागांपैकी किती प्राध्यापक खरे आहेत आणि किती माझ्यासारखे तासाच्या बोलीवरचे. प्रोजेक्टला गाइड मिळतो की सिनियर पोरं. राहायला हॉस्टेल मिळतं की चार मुलींत एक खोली आणि मेसचा डबा. हे एकाही माहितीपुस्तिकेत नसतं. तिथे असतात बोधवाक्यं. मुंबईचं 'शीलवृत्तफला विद्या', पुण्याचं 'यः क्रियावान् स पण्डितः'. जो काम करतो तोच पंडित! राज्यभरच्या विद्यापीठांत न भरलेल्या जागांवर तासाप्रमाणे काम करणाऱ्या आम्हा पंडितांना ते वाचून कसं वाटत असेल, याचा विचार कुणी केलाय? एक नंबर, तीन नंबर, सदतीस नंबर, मुलाखतीला बोलावतात तेव्हा शेवटी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवतात, "मॅडम, सध्या कायम भरती नाही."

हे मी रस्त्यात जरा मोठ्याने बोलले असावे, कारण मुक्ता म्हणाली, "आत्या, लोक बघतायत."

पण त्याच्या आधी दुकानातलं राहिलंच. काकांनी अखेर माझी डिग्री काचेवर पालथी घातली. "ही बसत नाही हो ए-फोरमध्ये. थोडी मोठी आहे."

"मग लहान करून काढा ना. 'फिट टू पेज' असतं ना त्यात?"

"ते बटण गेलंय."

हिरवा दिवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. प्रत बाहेर आली. ती अजून गरम होती आणि तिचा डावा काठ कापला गेला होता. माझ्या नावातला 'सौ.' गेला होता, ते बरंच झालं. त्या डिग्रीवर तो कुणी टाकला होता हा मला आजही न सुटलेला प्रश्न आहे. पण त्याच्या वरच्या मोठ्या ओळीत, जिथे 'उत्तर' असायला हवं होतं, तिथे कोरा कागद होता आणि पुढे ठळक अक्षरांत उरलं होतं, 'महाराष्ट्र विद्यापीठ'.

काकांनी ती प्रत उजेडात धरून निरखली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आदर दिसला.

"बघा," ते म्हणाले, "आता अख्ख्या राज्याची झाली."

मी पाच प्रती काढल्या. प्रत्येकीवर 'मूळ प्रतीप्रमाणे सत्य' लिहून खाली सही ठोकली आणि बुधवारी नेऊन दिल्या. अजून तरी कुणी काही विचारलेलं नाही.