‘सशक्त झाडाला ना कीड, ना विषाणू’: हा दावा कुठे कुठे फसतो

शेती आणि बागकामाच्या समूहांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, सार तेच: ‘कीड फक्त दुबळ्या झाडावर येते. झाडाची प्रतिकारशक्ती वाढवली की मावा, पांढरी माशी, फुलकिडे फिरकत नाहीत, आणि कीड नाही म्हणजे विषाणूही नाही. त्यासाठी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून फवारा. तरीही विषाणू आलाच, तर कीटकनाशकाने वाहक मारा, प्रसार थांबतो.’ चारही वाक्यं इतकी सरळ वाटतात की तपासावी असं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून एकेक घेतो.

दुबळ्या झाडाचा मुद्दा आधी. यावर दोन परस्परविरोधी मांडण्या फार दिवसांपासून आहेत. कीटकांचे अभ्यासक टी. सी. आर. व्हाइट यांचं म्हणणं असं की पाण्याच्या ताणासारख्या संकटातल्या झाडाच्या रसात कीटकाला वापरता येणारं नत्र वाढतं आणि त्यावर कीटक फोफावतात. दुसरे अभ्यासक पीटर प्राइस यांनी १९९१ मध्ये नेमकं उलट मांडलं: अनेक कीटक जोमदार, रसरशीत फुटवाच निवडतात. पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत, कारण सगळे कीटक एका माळेचे मणी नाहीत. साल पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांना ताणातलं झाड सोपं जातं. माव्याचं तसं नाही. नत्राचा हात सैल सोडला की गडद हिरव्या, लुसलुशीत पिकावर मावा कसा चढतो हे शेतात वावरणाऱ्याला सांगायला नको. विषाणू तर झाडाच्या पेशीच्याच यंत्रणेवर वाढतो. धडधाकट पेशीचं त्याला वावडं असण्याचं कारण नाही. झाड नीट पोसलेलं असावं, नुकसान सोसायला ते बरंच. त्यावरून कीड येणारच नाही असं मात्र ठरत नाही.

खरी गोम दुसऱ्या वाक्यात आहे. प्रतिकारशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी असते, पातळी वाढवली की सगळ्याच शत्रूंपुढे वाढली, असं त्यात गृहीत धरलंय. झाडात असं एकच काही नसतं. पान कुरतडणाऱ्या अळीविरुद्ध प्रामुख्याने जास्मोनिक अ‍ॅसिड या झाडातल्या संप्रेरकाचा मार्ग, म्हणजे संदेशांची साखळी, जागा होतो. त्यातून अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं आणि विषारी द्रव्यं तयार होतात. जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगकारकांविरुद्ध, त्यात विषाणूही आले, सॅलिसिलिक अ‍ॅसिड या दुसऱ्या संप्रेरकाचा मार्ग चालतो. विषाणूंसाठी आणखी एक यंत्रणा आहे, आरएनए सायलेन्सिंग: ती विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय संदेश वाहणारा रेणू, हेरून त्याचे तुकडे पाडते. आणि यातले पहिले दोन मार्ग पुष्कळदा एकमेकांना दाबतात. दर वेळी नाही. मात्रा, वेळ आणि झाडाची जात यांवर ते ठरतं.

रसशोषक किडी या फटीचा फायदा घेतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपावर २००७ मध्ये दिसून आलं की पांढऱ्या माशीची पिल्लं पानाला चिकटून रस शोषू लागली की सॅलिसिलिक मार्ग चढतो आणि पिल्लांना खरोखर रोखणारा जास्मोनिक मार्ग खाली बसतो. म्हणजे झाडाची प्रतिकारशक्ती वाढलेली असते, फक्त चुकीची.

विषाणू त्याहून पुढे जातात. टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणूची लागण झाली की झाड सॅलिसिलिक अ‍ॅसिड वाढवतं. बचाव विषाणूविरुद्ध असतो, पण त्याने जास्मोनिक मार्ग दबतो आणि विषाणू वाहून नेणारे फुलकिडे अशाच झाडावर जास्त रमतात. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या काही पर्णगुच्छ (पानं आकसवणाऱ्या) विषाणूंसोबत डीएनएचा एक छोटा उपग्रह, म्हणजे विषाणूच्याच आधाराने वाढणारा तुकडा, फिरतो. त्याचं बीटा-सी-१ हे प्रथिन झाडातला जास्मोनिक मार्ग चालवणाऱ्या एमवायसी-२ या नियंत्रकालाच जखडतं. माशीला नकोशी टर्पीन द्रव्यं त्यामुळे कमी बनतात आणि माशीचं फावतं. काकडी मोझॅक विषाणूचं २-बी प्रथिन आरएनए सायलेन्सिंग मोडतं आणि जास्मोनिक मार्गातही ढवळाढवळ करतं. टर्निप मोझॅक विषाणूचं एक प्रथिन तर मावा पानावर बसल्यावरच पेशीतली आपली जागा बदलतं, आणि माव्याची वीण वाढण्याला त्या हालचालीचा हातभार लागतो. वाहनात बसलेला निमूट प्रवासी असं विषाणूचं जे चित्र रंगवलं जातं, ते इथे निकालात निघतं.

एक फरक मात्र सांगायला हवा, नाहीतर ‘विषाणू नेहमीच किडीला मदत करतो’ असा नवाच संदेश फिरायचा. काकडी मोझॅक विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाशी तात्पुरता चिकटतो. मावा एकाच झाडावर ठाण मांडून बसला तर या विषाणूचा काहीच फायदा नाही. त्याने चाखावं आणि उडावं यातच त्याचं हित. भोपळ्याच्या कुळातल्या पिकावर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच दिसलं: लागण झालेल्या झाडाचा वास माव्याला ओढून आणतो, चव मात्र वाईट लागते आणि मावा लवकर निघून जातो. याउलट बार्ली यलो ड्वार्फ विषाणूला किडीच्या शरीरात खोल शिरायचं असतं, त्यासाठी बराच वेळ रस शोषला जावा लागतो. २०१२ च्या एका अभ्यासात विषाणू नसलेला मावा लागण झालेल्या गव्हाकडे गेला, तर विषाणू घेतलेल्या माव्याने निरोगी गहू निवडला. प्रसाराची रीत बदलली की झाडातल्या बदलांचा कलही बदलताना दिसतो.

आता अ‍ॅस्पिरिन, म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिडचंच एक भावंड. याला खरा आधार आहे, म्हणूनच ते टिकून आहे. १९७९ मध्ये आर. एफ. व्हाइट (हे व्हाइट वेगळे) यांनी तंबाखूच्या पानात अ‍ॅस्पिरिन टोचलं आणि तंबाखू मोझॅक विषाणूचे डाग कमी पडले. पण तो तंबाखू आधीच त्या विषाणूला प्रतिकारक जनुक असलेला होता. शिवाय हा विषाणू मुख्यतः हात, अवजारं आणि झाडांच्या घासण्यातून पसरतो, त्याला किडीची गरजच पडत नाही. या प्रयोगावरून ‘अ‍ॅस्पिरिनने पांढरी माशी आणि तिचा विषाणू दोन्ही जातात’ असं म्हणायचं म्हणजे ज्या परीक्षेला बसलाच नाही तिच्यात पहिला आलो म्हणण्यासारखं. सॅलिसिलिक मार्ग चढवल्याने जास्मोनिक मार्ग दबला तर आपणच पांढऱ्या माशीचं काम केलं, ही शक्यता संदेश पाठवणाऱ्याच्या गावीही नसते. उलट फक्त जास्मोनिक मार्ग चढवला, तर विषाणूविरुद्धच्या बाजूचं काय, हा प्रश्न उभा राहतोच.

चौथा दावा, वाहक मारला की प्रसार थांबतो. काही विषाणूंबाबत यात तथ्य आहे. ज्यांना किडीच्या शरीरात फिरायला तास-दिवस लागतात, तिथे किडीची संख्या वेळीच कमी केल्याने फरक पडतो. मोझॅक गटातल्या अनेक विषाणूंचं गणित निराळं: माव्याला विषाणू उचलायला काही सेकंद पुरतात, पुढच्या झाडात सोडायलाही तेवढेच. बहुतेक कीटकनाशकं इतक्या चपळाईने मारत नाहीत. काहींनी तर मावा बिथरतो आणि जास्त झाडं चाखतो. झाड स्वतःच किडीला अप्रिय असेल तरी हाच धोका असतो: वस्ती होत नाही, पण येणारी-जाणारी कीड चोच मारून पुढे सरकते. म्हणून अशा विषाणूंवर खनिज तेलाची फवारणी वापरली जाते. ती विषाणू सोंडेला चिकटण्यातच अडथळा आणते. फुलकिड्यांचा घोळ आणखी वेगळा. टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणू ते पिल्लू असतानाच उचलतात आणि प्रौढपणी पसरवतात. बाहेरून उडत आलेले प्रौढ आधीच विषाणू घेऊन आले असतील, तर त्यांना मारेपर्यंत काम झालेलं असतं.

मग झाडाच्या बचावाचा उपयोगच नाही? आहे, आणि तो नेमका असतो तेव्हा दणदणीत असतो. खरबुजातलं व्हॅट हे जनुक कापसावरच्या माव्याला रोखतं आणि त्याच माव्याने आणलेल्या, सेकंदांत पसरणाऱ्या विषाणूंनाही. तोच विषाणू दुसऱ्या जातीच्या माव्याने आणला तर व्हॅट हात वर करतं. जंगली टोमॅटोच्या लवेतून पाझरणारी चिकट अ‍ॅसिलशर्करा पांढऱ्या माशीला बसूच देत नाही, म्हणून ती लागवडीच्या टोमॅटोत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. जंगली टोमॅटोतूनच आलेलं टाय-१ जनुक माशीला हातही लावत नाही. ते आरएनए सायलेन्सिंगच्या वाटेने पर्णगुच्छाचा विषाणू दाबतं. त्याच झाडात माव्याने काकडी मोझॅक विषाणू आणून सोडला, तर त्याचं सायलेन्सिंग मोडणारं काम टाय-१ चा प्रतिकार कमकुवत करतं, आणि प्रतिकारक म्हणून लावलेल्या वाणावर पर्णगुच्छाचा विषाणू पुन्हा वाढू लागतो.