रेसलमेनिया १० : शिडीच्या आधीची कुस्ती

रेसलमेनिया म्हणजे अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्तीच्या कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो. त्यातल्या रेसलमेनिया १० चा विषय निघाला की बोलणं पाच मिनिटांत शिडीच्या मॅचवर येतं. रेझर रॅमॉन, शॉन मायकल्स, वर टांगलेले विजेतेपदाचे दोन पट्टे. ती मॅच थोर आहे, त्यावर खाली लिहिणारच आहे. पण गेली कित्येक वर्षं एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि परवा धाकट्या भावाबरोबर अख्खा शो पुन्हा बघितल्यावर ती सांगावीच असं वाटलं. त्या रात्रीची सगळ्यात मोठी कुस्ती पहिली होती. ब्रेट हार्ट विरुद्ध ओवेन हार्ट. सख्खे भाऊ.

आम्ही ती पहिल्यांदा भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिली. शो २० मार्च १९९४ चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. आमच्या हातात कॅसेट आली तेव्हा मधे दोनेक वर्षं गेली होती. निकाल सगळे तोंडपाठ होते, कारण शाळेत ट्रम्प कार्ड खेळताना दुसरं काही बोललंच जायचं नाही. योकोझुनाचं कार्ड आलं की वजन सांगायचं, डाव खिशात. तरीही कॅसेट लावली तेव्हा घरात मांडी घालून सहा-सात पोरं बसली होती आणि मागं खाटेवर आजोबा.

आधी त्या काळाविषयी थोडं. कंपनीचा सगळ्यात मोठा तारा हल्क होगन १९९३ मध्येच बाहेर पडला होता. मालक विन्स मॅकमॅहनवर स्टेरॉइडच्या प्रकरणात खटला उभा राहत होता (जुलै १९९४ मध्ये तो त्यातून सुटला). फुगवलेल्या दंडांच्या राक्षसांवर उभा असलेला धंदा अडचणीत आला आणि त्यामुळं ब्रेट, शॉन अशा आटोपशीर अंगाच्या, हातात कसब असलेल्या पैलवानांसाठी जागा झाली. रेसलमेनिया १० बघताना हे जाणवत राहतं. त्या रात्री लक्षात राहिलेल्या दोन्ही मॅच अशाच माणसांच्या आहेत.

रॉयल रंबल म्हणजे सगळ्यांना दोरांवरून बाहेर फेकून शेवटी उरायचं आणि रेसलमेनियात चॅम्पियनशी लढायची संधी मिळवायची. त्या वर्षीच्या रंबलमध्ये ब्रेट आणि लेक्स लुगर एकाच वेळी दोरांवरून खाली पडले आणि दोघांनाही विजेता ठरवलं. मग नाणं उडवलं. लुगर जिंकला, म्हणून चॅम्पियन योकोझुनाशी आधी तो लढणार आणि त्यातून जो उरेल त्याच्याशी शेवटी ब्रेट. पण मग ब्रेट ताजातवाना राहणार, हा अन्याय झाला. म्हणून त्यालाही आधी एक कुस्ती खेळायला लावली, धाकट्या भावाशी. ही मांडणी मला अजूनही फार आवडते. पहिल्या कुस्तीचं ओझं शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचणार, हे पहिल्या घंटेआधीच ठरून गेलेलं असतं.

ओवेनचं दुखणं साधं होतं. कॅलगरीच्या हार्ट घराण्यात बारा भावंडं, ओवेन शेंडेफळ. बाप स्टू हार्ट, ज्यानं घराच्या तळघरात पिढ्यान्‌पिढ्या पैलवान तयार केले. ब्रेट आठ वर्षांनी मोठा आणि कायम पुढं. १९९३ च्या सर्व्हायव्हर सिरीज या शोमध्ये हार्ट भाऊ एक संघ म्हणून लढले तेव्हा त्यांच्यातून एकटा ओवेन बाद झाला. मग दोघांनी मिळून जोडीची मॅच खेळली, त्यात ब्रेटचा गुडघा दुखावला, तरी त्यानं ओवेनला टॅग दिला नाही, म्हणजे हात लावून त्याला आपल्या जागी आत घेतलं नाही. पंचांनी मॅच थांबवली आणि ओवेननं त्याच दुखऱ्या पायावर लाथ घातली. तेव्हापासून तो खलनायक.

आता मॅच. साधारण वीस मिनिटांची. सुरुवातीला ओवेन एक साधी पकड सोडवतो आणि जणू पट्टाच जिंकल्यासारखे हात वर करतो. लहानपणी आम्हाला तो माज वाटला होता. आता बघताना वाटलं, ज्याला घरात कुणी कधी शाबासकी दिली नाही असा माणूस हा, तो प्रत्येक छोटा विजय मोजतो. ब्रेट मात्र शांत असतो. तो मारत नाही, धरून ठेवतो, मोठ्या भावानं मस्तीखोर धाकट्याला आवरावं तसा. त्याला ही कुस्ती नकोच आहे हे त्याच्या खांद्यांवरून कळतं. मग ओवेन त्याच्या थोबाडीत मारतो आणि ब्रेटचा चेहरा पहिल्यांदा बदलतो.

ओवेन किती उडू शकायचा हे ज्यांनी त्याचं जपानमधलं काम पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. १९८८ मध्ये न्यू जपान प्रो रेसलिंगचा ज्युनियर हेवीवेट पट्टा जिंकणारा तो पहिला पाश्चात्त्य पैलवान. पण या मॅचमध्ये तो ते सगळं आवरून ठेवतो. उड्या मारल्या असत्या तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि त्याला टाळ्या नको होत्या. एवढं येत असताना न दाखवणं, याला मी कला म्हणतो.

मधे ब्रेट दोरांवरून बाहेर झेप टाकतो आणि गुडघा धरून बसतो. तिथून पुढं ओवेन त्या पायाला सोडत नाही. पिळतो, आपटतो, अडकवतो. आमचे आजोबा तालमीतले. टीव्हीवरच्या कुस्तीला ते ‘नाटक’ म्हणायचे आणि उठून जायचे. त्या दिवशी ते उठले नाहीत. म्हणाले, "आरं, पोरगं डोक्यानं खेळतंय. दुखऱ्या पायावरच जातंय बघ." आम्हा सगळ्यांना ओवेनचा राग आलेला, आणि आजोबा त्याची बाजू घेतायत म्हणून आणखी. पण त्यांचं बरोबर होतं. निकाल आधी ठरलेला असतो हे त्यांना आमच्याआधी कळलेलं, तरी डावामागं विचार आहे की नाही हे त्यांना दिसत होतं.

शेवट तर मी दहा वेळा मागं नेऊन पाहिला असेल. ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढून व्हिक्टरी रोल घ्यायला जातो, म्हणजे समोरच्याला लोळवून त्याची पाठ टेकवायची. ओवेन पडतच नाही. तो तसाच खाली बसतो, ब्रेट त्याच्या खाली, पाठ टेकलेली. एक, दोन, तीन. खुर्ची नाही, कुणाची लुडबुड नाही. थोरल्याचा डाव थोरल्याच्याच अंगावर उलटला. ब्रेट तिथंच बसून राहतो, तोंड उघडं. काय झालं हे त्याला कळलेलं आहे आणि तेच त्याला पटत नाही.

पुढच्या मॅचेसवर लांबण लावत नाही. बॅम बॅम बिगेलो आणि ल्यूना व्हाशोन विरुद्ध विदूषक डॉइंक आणि छोटा डिंक, ही पुढं पळवली तरी चालेल. अर्थक्वेकनं अ‍ॅडम बॉम्बला अर्ध्या मिनिटाच्या आसपास उडवलं. अलंड्रा ब्लेझ आणि लेलानी काई यांना वेळच मिळाला नाही, याचं वाईट वाटतं. लेलानी काई १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियात चॅम्पियन म्हणून उतरली होती, तीही याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. त्या दोघींना दहा मिनिटं द्यायला हवी होती.

रँडी सॅव्हेज आणि क्रशच्या मॅचचा नियमच अवघड. रिंगबाहेर पाठ टेकवायची आणि मग पडलेल्यानं ६० सेकंदांत रिंगमध्ये परत यायचं. त्यानं मॅच सारखी अडखळते. पण सॅव्हेज आत येतो तेव्हा गार्डन जो आवाज करतं तो ऐकाच. रेसलमेनियातली ही त्याची शेवटची मॅच ठरली. शेवटी तो क्रशला मागच्या भागात नेऊन उलटा टांगतो आणि धावत रिंगमध्ये येतो.

लुगर विरुद्ध योकोझुना मात्र माझा जीव काढते. लुगरला आधीच्या उन्हाळ्यात बसमधून अमेरिकाभर फिरवलं, नवा होगन म्हणून उभं केलं. समरस्लॅम या उन्हाळ्यातल्या शोला तो योकोझुनाविरुद्ध जिंकला, पण योकोझुना रिंगबाहेर राहिला म्हणून, त्यामुळं पट्टा मिळाला नाही. आणि इथं? त्यानं योकोझुनाची पाठ लावली, पण पंच मि. परफेक्ट मोजायला तयार नाही, तो योकोझुनाच्या मॅनेजरांना रिंगबाहेर काढत बसलाय. लुगरनं त्याला ढकललं, लुगर बाद. त्याआधी संथ पकडीत मॅच इतकी वेळ अडकते की प्रेक्षकही थकतात. लोकांना एक वर्ष आशा दाखवायची आणि नंतर निकालच द्यायचा नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. लुगर त्यानंतर पुन्हा त्या उंचीवर गेलाच नाही.

आता शिडी. शॉन १९९३ मध्ये निलंबित झाला आणि त्याचा इंटरकॉन्टिनेंटल पट्टा, म्हणजे कंपनीचा दुसऱ्या क्रमांकाचा किताब, काढून घेतला. रेझर नवा चॅम्पियन झाला. शॉन परत आला तो स्वतःचा पट्टा घेऊन, ‘मला कुणी हरवलंच नाही’ म्हणत. म्हणून दोन्ही पट्टे वर टांगले, शिडी चढून जो काढेल तो खरा चॅम्पियन. शिडीची कल्पना मूळची कॅलगरीच्या स्टॅम्पीड रेसलिंगची, म्हणजे स्टू हार्टच्याच आखाड्यातली. ब्रेट आणि शॉन १९९२ मध्ये अशी एक मॅच खेळलेही होते, पण ती फार लोकांपर्यंत पोचली नव्हती. गार्डनमधल्या बहुतेकांसाठी शिडी हे नवंच हत्यार होतं.

आज शिडीच्या मॅचमध्ये टेबलं मोडतात, दहा शिड्या येतात. इथं एक शिडी, दोन माणसं. शॉनचा अंगरक्षक डीझेल, त्याला पंच अर्ल हेब्नर सुरुवातीलाच हाकलतो, म्हणजे मदतीला कुणी उरत नाही. शॉन शिडीवरून उडी टाकतो ते दृश्य तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. मला त्याहून रेझरचं काम महत्त्वाचं वाटतं. शिडी फासळीत बसते, पाठीवर फेकली जाते, आणि प्रत्येक माराला तो असा वाकतो की आपला श्वास अडकतो. शॉननं उडायचं आणि रेझरनं त्या उडण्याला वजन द्यायचं. शेवटी शॉन शिडीवरून कोसळून दोरांत अडकतो, धडपडतो, सुटत नाही आणि रेझर एकेक पायरी चढत दोन्ही पट्टे काढतो. पूर्ण पाच तारे. रेझर झालेला स्कॉट हॉल मार्च २०२२ मध्ये गेला तेव्हा मी हीच मॅच लावली होती.

शो इतका लांबला की दहा जणांची एक मॅच वगळावी लागली. त्या खेळाडूंचं नुकसान झालं खरं, पण तो वेळ शिडीला मिळाला.

शेवटी ब्रेट. लंगडत येतो. समोर पाचशे पौंडांच्या वरचा योकोझुना, ज्यानं वर्षापूर्वी लास व्हेगासला मॅनेजर मि. फुजीनं डोळ्यांत फेकलेल्या मिठाच्या जोरावर त्याचा पट्टा घेतला होता. खास पंच रॉडी पायपर. दहा मिनिटांची मॅच, दोघंही दमलेले, आणि शेवट असा की योकोझुना अंगावर बसण्यासाठी दोरांवर चढतो, तोल जातो, मागं कोसळतो. ब्रेट पाय धरतो. तीन. नवा चॅम्पियन.

इथं माझा धाकटा थांबला. म्हणाला, "दादा, बघ. ओवेननं भावाला डावानं हरवलं. आणि ब्रेट जिंकला तो समोरचा स्वतः पडला म्हणून." इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी शेवट कमकुवत आहे म्हणून नेहमी नावं ठेवायचो. पण तो तसा आहे म्हणूनच ओवेनचा दावा पक्का होतो. ज्या माणसाला मी आज हरवलं, स्वच्छ हरवलं, तोच त्याच रात्री जगज्जेता! या भांडणात ओवेन खोटं एकही वाक्य बोलत नाही. खलनायकाची बाजू खरी असणं, हे या धंद्यात फार क्वचित जमतं.

मग सगळे रिंगमध्ये येतात. आधी लुगर येऊन हात मिळवतो, मग सॅव्हेज, रेझर, बाकीचे. ब्रेटला खांद्यावर घेतात. आणि वाटेवर ओवेन येऊन उभा राहतो. काही करत नाही. हल्ला नाही, शब्द नाही. नुसता बघतो. ब्रेटही खांद्यावरून त्याच्याकडे बघतो.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत छतावरून खाली येण्याचा प्रवेश करताना ओवेन पडला आणि गेला. ३४ वर्षांचा होता. ती बातमी कळली तेव्हा आम्ही दोघं मोठे झालो होतो, वेगळ्या गावांत होतो आणि फोनवर काय बोलायचं ते कुणालाच सुचलं नव्हतं. त्यानंतर ही वाट, हा उभा राहिलेला ओवेन मला सरळ बघवत नाही. परवाही मान वळवली.

धाकट्यानं रिमोट घेतला. लहानपणी त्या सहा-सात पोरांत तो एकटा ओवेनच्या बाजूनं होता आणि मी त्याला त्यासाठी मारलंही होतं. म्हणाला, समरस्लॅम ९४ लावूया, पिंजऱ्यातली. पुन्हा तेच दोघं भाऊ, बत्तीस मिनिटं. रात्रीचा एक वाजून गेला होता. मी म्हटलं, लाव.