क्लिनिककडून उत्तर: "अ‍ॅडजस्टमेंटनंतर कुणी काहीच सांगितलं नाही" या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी, कंबर धरली की माणूस किती वैतागतो ते मी रोज बघते. तुम्ही लिहिलंय की अ‍ॅडजस्टमेंटचे, म्हणजे हाताने झटकन दाब देऊन पाठीचे सांधे मोकळे करायचे, 1200 रुपये घेतले, वीस मिनिटांत कडकड हाडं मोडली, नंतर काय करायचं ते कुणी काहीच सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सिंहगडाच्या अर्ध्या वाटेत कंबर धरली. यातलं बाकीचं मी एक वेळ सोडून देईन, पण "काहीच सांगितलं नाही" हे नाही हो सोडवत.

शनिवारी संध्याकाळी मी तुम्हाला लगेच जाऊच दिलं नव्हतं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातावर जोर देत कसं उठायचं ते तुमच्याकडून दोनदा करून घेतलं, मग थोडा वेळ बसवलं, मग बाहेर काउंटरवर आमच्या मिस्टरांनी मराठीतला पिवळा सूचनांचा कागद पावतीला स्टेपल करून दिला. आणि सर, तुम्ही रिव्ह्यूसोबत पावतीचा जो फोटो टाकलाय ना, त्यात पावतीच्या मागून तो पिवळा कागद चांगला दिसतोय, कुणीही झूम करून बघावं. (पेशंटचं मी असं चारचौघात बोलत नाही, पण तुम्हीच सगळं लिहिलंय म्हणून बोलावं लागतंय.)

त्या कागदावर पहिलंच लिहिलंय की एक-दोन दिवस अंग ठणकू शकतं, जिमच्या पहिल्या दिवसानंतर दुखतं तसं, आणि ते बहुतेकांचं आपोआप कमी होतं. त्याखाली आहे की त्या दिवशी वजन उचलू नका, म्हणजे पाण्याची बादली आणि सिलेंडर पण, सलग अर्ध्या तासाच्या वर बसू नका, टू-व्हीलरवर लांब जाऊ नका, दुखलं तर बर्फ सुती कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, डायरेक्ट कातडीवर नको, पालथं झोपू नका, कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. आणि हो, हलकं चाला असंही आहे, कारण पडून राहिलं की पाठ आणखी आखडते.

आता तुमचं म्हणणं असं की चालायलाच तर सांगितलं होतं, म्हणून गेलो. अहो सर, सिंहगड! समुद्रसपाटीपासून 1300 मीटरच्या वर आहे तो, आणि तुम्ही गाडीरस्त्याने नाही, आतकरवाडीच्या वाटेने गेलात. आम्ही सांगतो ते सोसायटीच्या आवारात, सपाटीवर, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. चढताना माणूस कमरेतून पुढे वाकतो, उतरताना प्रत्येक पायरीला हिसका बसतो, आणि आदल्या संध्याकाळीच ज्या पाठीवर काम झालंय तिला हे एवढं लगेच नको असतं. वर त्याच रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय की रात्री बरं वाटावं म्हणून पोराला पाठीवर चालायला लावलं. आता यावर मी काय बोलू? पोरगं कितवीत आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही.

हाडं मोडली म्हणता, तर तो आवाज हाडांचा नसतो. सांध्यात जे वंगणासारखं पाणी असतं त्यात एकदम दाब कमी झाला की गॅसचा बुडबुडा तयार होतो, तो आवाज. आवाज आला नाही म्हणजे काम झालं नाही असंही नसतं. आणि "सलूनमध्ये हेच फुकट करून देतात" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. साडेचार वर्षं फिजिओथेरपीची डिग्री केलीय मी, इंटर्नशिप धरून, आणि हात लावायच्या आधी तुमचे एक्स-रे बघितले, पायाची ताकद तपासली, बधिरपणा आहे का विचारलं. सलूनमध्ये यातलं काय करतात? तिथे मान फिरवून घेऊ नका अशी उलट माझी हात जोडून विनंती आहे. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, क्वचित होते पण झाली तर फार गंभीर असते.

फोन उचलला नाही हे खरं आहे, रविवारी क्लिनिक बंद असतं. तुमचा मेसेज दुपारी बघितल्यावर मी लगेच उत्तर दिलं, पाय बधीर पडलाय का, पायातली ताकद गेलीय का, लघवी-संडासवरचा कंट्रोल सुटलाय का, असं काही असेल तर माझी वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. तुमचं "नाही" एवढंच आलं आणि मग थेट हा रिव्ह्यू. बाकी जे कुणी हे वाचताय त्यांनाही सांगते, वरचं काहीही झालं किंवा मानेच्या ट्रीटमेंटनंतर चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं असं काही झालं तर कुठल्याही क्लिनिकला फोन लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

छोटं क्लिनिक आहे सर, भाडं आहे, एक स्टार पडला की नवीन माणूस जिन्यातूनच परत जातो. तो कागद आता व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवायचं बघतोय, रविवारच्या फोनचंही काहीतरी करू. तुमचं फॉलोअप चेकिंग आहेच, त्याचे पैसे वेगळे घेणार नाही, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि तुमचं एक्स-रेचं पाकीट काउंटरवरच राहिलंय, सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते 1 किंवा संध्याकाळी 5 ते 8 मध्ये मिस्टरांकडून घेऊन जा, त्याला अपॉइंटमेंट लागत नाही.