शैलजा आचार्य मोठ्या झाल्या त्या मामांमुळे?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं : नेपाळच्या पहिल्या महिला उपपंतप्रधान शैलजा आचार्य कोइरालांची भाची म्हणून मोठ्या झाल्या, त्यांच्याआधी तिथल्या सत्तेत बाई नव्हतीच, आणि नंतर ज्या आल्या त्या नुसत्या आरक्षणाच्या जोरावर.

आधी भाचीचं बघू. नातं खरंच आहे. नेपाळचे पंतप्रधान राहिलेले बी. पी. कोइराला आणि गिरिजाप्रसाद कोइराला हे त्यांचे मामा. 1998 मध्ये त्या उपपंतप्रधान झाल्या तेव्हा पंतप्रधानही गिरिजाप्रसादच होते. पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. 15 डिसेंबर 1960 ला राजा महेंद्र यांनी लोकांनी निवडलेलं सरकार मोडलं आणि पंतप्रधान बी. पीं.ना कैदेत टाकलं. पुढच्याच फेब्रुवारीत, प्रजातंत्र दिनी, काठमांडूत एका विद्यार्थिनीने राजाला भर रस्त्यात काळा झेंडा दाखवला. तीच शैलजा; वय जेमतेम सोळा-सतरा. मामाच गजाआड, तर तिची रदबदली करणार कोण? सुमारे तीन वर्षं ती तुरुंगात राहिली. पुढे भारतात विजनवास. 1990 मध्ये पंचायत राजवट, म्हणजे राजाची पक्षविरहित राजवट, पडेपर्यंतच्या तीस वर्षांत त्या नात्यातून तिच्या वाट्याला कोणतं पद आलं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

1991 मध्ये मोरंग जिल्ह्यातून त्या निवडून आल्या, कृषिमंत्री झाल्या आणि सरकारातल्या भ्रष्टाचारावर बोट ठेवून राजीनामा देऊन बाहेर पडल्या. ते सरकार गिरिजाप्रसादांचंच होतं. मामांच्या मेहेरबानीवर जगणारी बाई मामांच्याच सरकारला असं अडचणीत आणत नाही.

दुसरा मुद्दा तर सरळच चुकीचा. 1959 ची नेपाळची पहिली संसदीय निवडणूक 109 जागांसाठी झाली. तीत सुदूर पश्चिमेच्या डडेलधुरातून द्वारिकादेवी ठकुरानी निवडून आल्या आणि बी. पीं.च्या सरकारात उपमंत्री झाल्या. काठमांडूपासून इतक्या लांबच्या डोंगराळ मुलखात, त्या काळी! हे नाव आपल्याकडे कुणाच्या कानावरही नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिलं आरक्षण. 1990 च्या संविधानात पक्षांनी निदान पाच टक्के उमेदवार स्त्रिया द्याव्यात एवढीच अट होती. राखीव मतदारसंघ नव्हते, म्हणजे 1991 ला शैलजांना पुरुषांशी लढूनच जिंकावं लागलं. संसदेत एक तृतीयांश स्त्रियांची हमी आली ती नंतर, आणि तिच्यामुळे संख्या वाढली हे मीही मानतो. मात्र 2022 मध्ये थेट लढतीच्या 165 जागांवर फक्त 9 स्त्रिया निवडून आल्या. बाकीच्या स्त्रिया आल्या त्या समानुपातिक यादीतून, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या यादीतून. थेट जागांची तिकिटं पक्षनेते वाटतात, आणि ती बहुतेक पुरुषांनाच जातात. मजकूर लिहिणाऱ्याने बोट दाखवायचंच असेल तर त्या नेत्यांकडे दाखवावं.