अशील अल्पवयीन असल्यास तो मोठा होईपर्यंत थांबावे

अठरा वर्षांखालील मुलाचा खटला सत्र न्यायालयात चालवण्यास हरकत घेण्याचा अविचार ज्या नवोदित वकिलांच्या मनात येत असेल, त्यांच्यासाठी नुकत्याच पदरी पडलेल्या अनुभवातून काही सूचना देत आहे.

पोलिसांनी रिमांडच्या कागदावर लिहिलेले ‘वय १९ वर्षे, धंदा मजुरी’ हे वेदवाक्य मानावे. मिसरूड फुटलेले, हातांना घट्टे पडलेले ऊसतोड मजुराचे पोर सतरा वर्षांचे असूच कसे शकेल? मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवू नये, असे कायदा बजावतो खरा. पण तो मुलांसाठी आहे, आणि आपला अशील कागदोपत्री मूल नाही.

हरकतीचा अर्ज सुट्टीच्या तोंडावर देऊ नये. इतर दिवशी दिल्यास ‘सरकार पक्षाने से (म्हणजे आपले लेखी म्हणणे) द्यावा’ एवढा आदेश तरी पदरात पडतो.

शाळेचा दाखला मात्र चुकूनही आणू नये. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ९४ सांगते, की आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहावे, ते नसल्यास महापालिकेचा, नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला पाहावा, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांवरून वय ठरवणारी वैद्यकीय चाचणी करावी. आम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशनोंदवहीचा, साक्षांकित उतारा दाखल केला. त्यात जन्मतारीख १ जून निघाली, तेव्हा सरकारी वकिलांनी विजयी मुद्रेने सांगितले, की ही तारीख गुरुजींनी अंदाजाने टाकलेली आहे, सबब मुलाची हाडे तपासावीत. असेल टाकली गुरुजींनी! याच १ जूनच्या भरवशावर या राज्यातले कितीतरी तलाठी, फौजदार आणि मुख्याध्यापक नोकरीला लागले, बढत्या घेऊन वर गेले आणि ३१ मे रोजी हार-नारळ स्वीकारून निवृत्त झाले. त्यांच्यापैकी कोणाची हाडे कोणी तपासली होती? निवृत्तिवेतनाला चालणारी तारीख एका पोराला तुरुंगाबाहेर काढायला का चालत नाही? बरे, चाचणीचा आदेश झाल्यावर ती १५ दिवसांत पूर्ण व्हावी, असे हेच कलम म्हणते. रुग्णालयातून मात्र ‘रेडिओलॉजिस्ट उपलब्ध नाहीत’ अशी चिठ्ठी आली.

घाई तर अजिबात करू नये. अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी अवघा १२ वर्षे ६ महिन्यांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले. पुरावा म्हणजे राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद. जास्तीत जास्त ३ वर्षे ज्याला ठेवता आले असते, तो २८ वर्षांहून अधिक काळ आत राहिला. एवढी ऐसपैस मुदत उपलब्ध असताना पहिल्या रिमांडलाच वयाचा विषय काढणे उतावळेपणाचे नव्हे काय?

अशील श्रीमंताघरचा असल्यास या सूचना लागू नाहीत. मे २०२४ मधील पुण्याच्या पोर्श अपघातानंतर जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावरून गदारोळ झाला, अल्पवयीन आरोपीला प्रौढ मानावे अशी मागणी पोलिसांनी केली आणि जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने ती फेटाळली. त्या निर्णयावर कोणाचे मत काहीही असो, प्रश्न जिथे जायला हवा त्या मंडळासमोर तरी गेला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर जघन्य गुन्ह्याचा आरोप असला, तरी त्याला प्रौढ म्हणून उभे करण्याची वाट मंडळाच्या प्राथमिक मूल्यांकनातूनच जाते. आमच्या पोराला मंडळाचे दारही दिसले नाही; एका हवालदाराच्या अंदाजाने तो प्रौढ झाला.

लाज वाटायला हवी आपल्याला. समोर उभ्या असलेल्या पोराला ‘कोणत्या शाळेत होतास, कितवीत सोडलीस’ एवढे विचारायला पोलिसांची जीभ का रेटत नाही? आरोपी मूल असावे असे वाटल्यास स्वतःहून चौकशी करण्याचे काम याच अधिनियमाच्या कलम ९ ने न्यायालयावर टाकले आहे. दंडाधिकारी मान वर करून त्याच्याकडे पाहतात तरी का? आणि वकीलमित्रांनो, फी मिळणार नाही म्हणून पहिल्या रिमांडला तोंड मिटून उभे राहणारे आपणच आहोत. शाळेला समन्स काढायला लावा, रजिस्टर मागवा, आणि चौकशी चालू असेपर्यंत मुलाला तुरुंगाऐवजी सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.